लग्न डब्लिनला, केळवण चिपळूणला

पत्राचा सारांश : मी चिपळूणजवळ राहते. वय ५९, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. आमचा एकुलता एक मुलगा २०१८ पासून डब्लिनला नोकरी करतो. सहा वर्षांपूर्वी त्यानं आम्हाला सांगितलं की तो समलिंगी आहे. पहिली दोन वर्षं रडण्यात आणि अबोल्यात गेली, मग हळूहळू सावरलो. त्याचा जोडीदार आयरिश आहे, रॉसकॉमन भागातल्या शेतकरी घरातला. गेल्या गणपतीत तो आमच्याकडे 'मित्र' म्हणून राहूनही गेला. येत्या मे महिन्यात दोघं तिथं रीतसर लग्न करताहेत आणि आम्ही दोघं जाणार आहोत. जानेवारीत ते इथं येतील तेव्हा निदान एक जेवण तरी व्हावं, अशी मुलाची इच्छा आहे. यजमान म्हणतात, तिथं हवं ते करू, इथं 'पोराच्या घराची वास्तुशांती होती' असं सांगायचं. सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत, त्यांना हे सोसवणार नाही. धाकटे दीर म्हणतात, पुतणीचं लग्न जमेपर्यंत तोंड उघडू नका. तिकडच्या लोकांना याचं काही वाटत नाही, आपल्याकडे तसं नाही. शिवाय इथं या लग्नाला कायदाच नाही, मग लग्न म्हणून मिरवायचं तरी कसं? मला आनंद झालाय, पण तो कुणाला सांगता येत नाही. तिथं पेढे वाटायचे आणि इथं गप्प बसायचं, हे बरोबर आहे का?

— एक आई

ताई,

तुमचं पत्र चार पानी आहे. त्यात सासूबाई आहेत, दीर आहेत, पुतणीचं स्थळ आहे, आणि 'लोक' तर जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात आहेत. 'मला आनंद झालाय' हे शब्द मात्र तिसऱ्या पानाच्या तळाशी, दोन काळज्यांच्या मध्ये दबून बसलेत. दुसऱ्यांदा वाचताना ते मला दिसले. म्हणून तिथूनच सुरुवात करते. ताई, मनापासून अभिनंदन. मुलाचं लग्न ठरलंय! हे तुम्हाला अजून कुणी म्हटलेलं नसावं असं वाटलं, म्हणून सगळ्यात आधी ते.

आता तुमच्या एका वाक्याशी मला भांडायचंय. 'तिकडच्या लोकांना याचं काही वाटत नाही.' आयर्लंडबद्दल तरी हे खरं नाही. १९९३ पर्यंत तिथं दोन पुरुषांमधले संबंध हा गुन्हा होता. कायदा व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. आपलं ३७७ कलम १८६० मध्ये ज्या राजवटीनं लिहिलं, तिचीच ती देणगी. डेव्हिड नॉरिस नावाचे एक प्राध्यापक त्याविरुद्ध थेट युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले, १९८८ मध्ये जिंकले, तरी सरकारला कायदा बदलायला आणखी पाच वर्षं लागली. घटस्फोटाला तिथं वाट मिळाली ती १९९५ च्या सार्वमतात, तीही अगदी काठावरच्या मतांनी. बहुतेक शाळा चर्चच्या छायेत, रविवारची प्रार्थना चुकवली तर शेजारीपाजारी विचारणार, आणि गावात कुणाचं काय चाललंय हे सगळ्यांना ठाऊक. तुम्हाला यात काही ओळखीचं वाटतंय ना?

त्याच देशानं २२ मे २०१५ ला मतदान करून आपल्या राज्यघटनेत एक वाक्य घातलं : लग्न दोन व्यक्तींचं, त्यात लिंगावरून भेद नाही. जनतेच्या मतानं हे करणारा तो जगातला पहिला देश. दुसऱ्या दिवशी निकाल लागला तेव्हा डब्लिन कॅसलचं अंगण माणसांनी भरून गेलं होतं. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. बाजूनं ६२ टक्के, विरुद्ध ३८ टक्के. म्हणजे सात लाखांहून जास्त माणसांनी 'नाही' म्हटलं होतं. आणि देशाच्या ४३ मतदारसंघांपैकी ज्या एकाच ठिकाणी 'नाही'वाले जिंकले, तो मतदारसंघ कोणता ठाऊक आहे? रॉसकॉमन–साउथ लीट्रिम. तुमच्या होणाऱ्या जावयाचा मुलूख.

तेव्हा तुमच्या विहीणबाई काही वेगळ्या मातीच्या नाहीत. ज्या मतदारसंघात दर शंभरात एक्कावन्न जणांनी नकार दिला, तिथं त्या आजही राहतात, चर्चला जातात, दुकानात त्याच माणसांना भेटतात. तुम्ही पत्रात त्यांच्याबद्दल एवढंच लिहिलंय की 'त्यांनी स्वीकारलंय'. कसं स्वीकारलं, कुणाला आधी सांगितलं, कुठला शेजारी बोलायचा थांबला आणि कुठला अचानक केक घेऊन दारात आला, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंय का? मुलाला मध्ये बसवून व्हिडिओ कॉल लावा आणि विचारा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालेल. हा प्रश्न कळायला आईला फार भाषा लागत नाही.

तिथं ते मतदान जिंकलं गेलं ते घराघरातल्या बोलण्यानं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सभा झाल्या, भाषणं झाली, फलक लागले. पण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी एक साधी गोष्ट काढली होती : आजीला फोन करा. मत द्या म्हणून गळ घालायची नाही, आपल्याला हे का हवंय ते तिला सांगायचं. परदेशी गेलेल्या आयरिश मुलांना तिथून टपालानं मत देता येत नव्हतं, तर ती हजारोंनी विमानं आणि बोटी पकडून घरी आली. आपण गणपतीला येतो तशी. देशाच्या माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस, स्वतः श्रद्धाळू कॅथलिक, त्या मतदानाआधी जाहीरपणे बोलल्या, कारण त्यांचा मुलगा गे आहे. आई म्हणून बोलल्या.

आणि कोकणातल्या माणसानं तर ही गोष्ट परक्याची म्हणूच नये. त्याच वर्षीच्या जानेवारीत, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, आयर्लंडच्या आरोग्यमंत्र्यानं रेडिओवर सांगितलं की मी गे आहे. तो मंत्री लिओ वराडकर. वडील डॉक्टर अशोक वराडकर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. जून २०१७ मध्ये लिओ पंतप्रधान झाला तेव्हा आपल्याकडे 'मालवणचा झिल आयर्लंडचा पंतप्रधान' म्हणून किती कौतुक झालं, आठवतंय? तुमच्या घरच्या व्हॉट्सअॅपवरही ती बातमी फिरली असणार, कदाचित तुमच्या दिरांनीच पाठवली असेल. तो गे आहे हे त्याच बातमीत लिहिलेलं होतं. २०१९ च्या अखेरीस तो कुटुंबासह वराडला आला, तेव्हा गावानं त्याचं स्वागतच केलं. दुसऱ्याच्या मुलाचा अभिमान आपण इतक्या सहज बाळगला. आपल्या मुलाच्या वेळी मात्र आपण आवाज बारीक करतो.

आता सासूबाईंकडे येते, कारण तुमच्या सगळ्या पत्राचं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवलेलं आहे. 'त्यांना सोसवणार नाही.' हे त्यांनी म्हटलंय का? की त्यांच्या वतीनं तुम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलंय? ८६ वर्षांच्या बाईनं काय काय सोसलेलं असतं याचा हिशोब आपण कधी मांडत नाही. तुम्हीच लिहिलंय की त्यांचं एक मूल पाळण्यात गेलं, सासरे ऐन चाळिशीत गेले आणि त्यानंतर बागायत त्यांनी एकटीनं सांभाळली. ही बाई नातवाच्या सुखानं कोसळेल, हे मला पटत नाही.

तुमच्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे, तुम्ही ती ओझरती लिहून पुढे गेलात. गणपतीत तो मुलगा स्वयंपाकघरात येऊन बसला, मोदकाच्या कळ्या पाडायचा प्रयत्न केला, दहातले आठ फुटले, आजी पोट धरून हसल्या. आणि रात्री तुम्हाला म्हणाल्या, 'पोरगा गुणी आहे गो. ह्याचं लगीन झालंय का?' तुम्ही 'ठाऊक नाही' म्हणून दिवा मालवलात.

मला वाटतं, तो प्रश्न साधा नव्हता. कदाचित असेलही, मी छातीठोक सांगणार नाही. पण प्रश्न विचारला गेलाय आणि उत्तर अजून द्यायचं राहिलंय, एवढं नक्की. तेव्हा नवा विषय काढायचा नाहीये. राहिलेलं उत्तर द्यायचंय.

कसं द्यायचं? दुपारी, त्यांची झोप झाल्यावर, चहाच्या वेळी. घरात पाहुणे नकोत आणि दीर-जाऊही नकोत. तुम्ही आणि यजमान दोघंही असा, म्हणजे 'सुनेनं काहीतरी खूळ काढलं' असं होणार नाही. कायदा, आयर्लंड, सुप्रीम कोर्ट यातलं काही बोलायचं नाही. 'समलिंगी' हा शब्दसुद्धा पहिल्या दमात नको, त्यांच्या कानाला तो शब्द आजाराच्या नावासारखा लागेल. एवढंच म्हणा : 'आई, तुम्ही विचारलं होतंत ना, त्या पोराचं लगीन झालंय का? मे महिन्यात होतंय. आपल्या नातवाशी. दोघांना एकमेकांशिवाय करमत नाही, सात वर्षं झाली. आम्ही दोघं जाणार आहोत. तुमचा आशीर्वाद घेतल्याशिवाय जायचं आमच्या मनात नाही.' मग गप्प बसा. इथं आपण बायका चुकतो. समोरचं माणूस गप्प झालं की घाबरून बोलत सुटतो. तुम्ही बोलू नका. त्या उठून आत गेल्या तर जाऊ द्या. रडल्या तर जवळ बसा. 'देवाची करणी' म्हणाल्या तर ती त्यांची भाषा आहे, वाद घालू नका. आणि रागावल्या, चार दिवस जेवताना बोलल्या नाहीत, तर? तेही होऊ शकतं. तुम्हाला स्वतःला दोन वर्षं लागली होती, ताई. त्यांना दोन महिने तरी द्या. म्हणूनच हे जानेवारीवर ढकलू नका, पोरं यायच्या पुरतं आधी सांगा. मुलगा दारात उभा असताना आजीला पहिला धक्का बसायला नको, तो दोघांवर अन्याय होईल.

एक पथ्य मात्र पाळा. सांगण्याआधी मुलाला विचारा. गोष्ट त्याची आहे. आजीला आपण स्वतः सांगावं असं त्याला वाटत असेल, तर तो हक्क त्याचा.

यजमानांवर चिडू नका. 'वास्तुशांती' हा शब्द त्यांनी भीतीपोटी शोधलाय, लाजेपोटी नव्हे, असं तुमच्या पत्रावरून मला वाटलं. विमानाचं बुकिंग त्यांनीच केलंय ना? तिकिटाचे पैसे भरणारा बाप मुलाच्या विरुद्ध नसतो. पण त्यांना एक करायला सांगा. 'आम्ही वास्तुशांतीला आलो होतो असं सगळ्यांना सांगणार आहोत', हे वाक्य त्यांनी स्वतः फोनवर मुलाला म्हणून दाखवावं. तेवढं जमलं तर मग पुढचा विचार करू. मला नाही वाटत जमेल.

दिरांच्या म्हणण्याबद्दल थोडक्यात सांगते. पुतणीचं लग्न अडेल ही भीती खोटी नाही, आपल्या समाजात स्थळं याहून क्षुल्लक कारणांनी मोडतात. पण ज्या घराला हे खटकेल त्याला ते लग्नानंतर कळलं तरी खटकेलच, आणि तेव्हा 'लपवलंत' हा ठपका वर येईल. शिवाय सव्वीस वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या पुतणीला कुणी विचारलंय का? मुलाचं आणि तिचं लहानपणापासून पटतं असं तुम्ही लिहिता. माझा तर्क असा की तिला हे केव्हाच माहीत आहे आणि ती तुमच्यापासून लपवतेय.

आता कायदा. हा भाग तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठीही नीट सांगते. तिथं त्यांचं लग्न पूर्ण कायदेशीर असेल. इथं तुमच्या मुलाला त्या लग्नाच्या जोरावर नवरा-बायकोचे हक्क मिळणार नाहीत, हे खरं. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की लग्न करण्याचा हक्क हा मूलभूत हक्क नाही आणि समलिंगी विवाहाला मान्यता द्यायची तर ती कायदेमंडळानं द्यावी. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. तो निकाल लागला त्या दिवशी मीही रडले होते. पण त्या निकालाची दुसरी बाजू फार कमी लोकांपर्यंत पोचली. ज्या बहुमतानं मान्यता नाकारली, त्याच बहुमतानं स्पष्ट लिहिलंय की अशा जोडप्यांनी समाजात आपलं नातं आपल्याला हवं तसं साजरं करायला कोणतीही आडकाठी नाही. आणि ६ सप्टेंबर २०१८ पासून, ३७७ कलमाच्या निकालानंतर, दोन सज्ञान माणसांचं संमतीचं नातं हा गुन्हाही राहिलेला नाही. म्हणजे तुमच्या अंगणात पंगत बसली, दोघांना ओवाळलं, हार घातले, तर त्यात बेकायदा काही नाही. कायद्यानं मान्यता नसणं आणि कायद्यानं मनाई असणं, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. दिरांना हे शांतपणे सांगा.

'पण मग लग्न म्हणून मिरवायचं कसं' असं तुम्ही विचारता. ताई, तुमच्या स्वतःच्या लग्नाची नोंदणी झाली होती का? आपल्या पिढीतल्या कित्येकांची झालेली नसते. तुमचं लग्न लोकांनी कागद बघून मानलं का? त्यांनी अक्षता टाकल्या, जेवले, आहेर केला, आणि त्या दिवसापासून तुम्हाला अमक्यांची सून म्हणून ओळखू लागले. कायदा हवाच, मी त्याची किंमत कमी करत नाही. पण समाजानं ओळखणं हे त्याहून वेगळं काम आहे, आणि ते तुमच्या हातात आहे.

हे मी इतक्या आग्रहानं का म्हणतेय, ते सांगते. माझी एक मावसबहीण. ती आणि तिची मैत्रीण पुण्यात अठ्ठावीस वर्षं एका घरात राहिल्या. आम्ही सगळे जात-येत होतो, त्यांच्या हातचं जेवत होतो. त्या एकमेकींच्या कोण होत्या हे घरात प्रत्येकाला कळत होतं आणि कुणीही कधी उच्चारलं नाही. आम्हाला वाटायचं, यातच आमचा मोठेपणा आहे, आम्ही काही विचारत नाही. मग मैत्रीण आजारी पडली. दवाखान्यात सही करायला दूरच्या गावाहून भाऊ बोलवावा लागला. ती गेली. तेराव्याला आम्ही सगळे जमलो. माझी बहीण स्वयंपाकघरात वाढायचं बघत होती, आणि आम्ही एकेक करून त्या भावाला भेटत होतो. त्याच्या पाठीवर हात ठेवत होतो. दहा वर्षांत जो चारदा आला नव्हता, त्या भावाच्या. बहिणीच्या खांद्यावर हात ठेवायचं मलाही सुचलं नाही. सुचलं नाही म्हणणं खोटं आहे. सुचलं होतं, पण काय म्हणून सांत्वन करायचं ते कळेना. त्यांच्या सुखाला आम्ही कधी नाव दिलं नव्हतं, मग दुःखाला कुठून आणणार? रात्री भांडी आवरताना ती मला एवढंच म्हणाली, 'मला कुणी भेटलंच नाही गं.' मी अजून ते वाक्य घेऊन फिरते आहे.

म्हणून तुम्हाला सांगते, तुमच्या लेकाच्या लग्नाला इथं नाव द्या. मेच्या जेवणावळीसाठी नव्हे, पुढच्या चाळीस वर्षांसाठी. उद्या दोघांतला कुणी आजारी पडला, कुणाला नोकरी गमवावी लागली, कुणी आधी गेला, तर चिपळूणहून त्याला फोन यायला हवा. 'तुझा मित्र कसा आहे' असं विचारणारा फोन त्या वेळी कामाचा नसतो.

याचा अर्थ हॉल घेऊन पाचशे पानं उठवा असा मुळीच नाही. तसं कराल तर मीच तुम्हाला अडवीन. ज्यांच्याशी तुम्ही वर्षभर बोलत नाही त्यांच्यासमोर मुलाला उभं करून आपलं धैर्य सिद्ध करायची काही गरज नाही. त्यानंही तसं मागितलेलं नाही. त्यानं एक जेवण मागितलंय. आणि आपल्याकडे अगदी याच मापाचा सोहळा आहे की! केळवण. लग्नाआधी जवळच्यांनी प्रेमानं घातलेलं जेवण. ना भटजी लागत, ना मुहूर्त, ना बँड. जानेवारीत पोरं येतील तेव्हा तुमच्या घरी केळवण करा. बारा-पंधरा माणसं पुरेत : आजी, पुतणी, यायला तयार असले तर दीर-जाऊ, तुमच्या शाळेतली ती मैत्रीण जिच्याबद्दल तुम्ही इतकं आपुलकीनं लिहिलंय, शेजारचे दोघं-तिघं. ताटाभोवती महिरप, उकडीचे मोदक, आणि दोघांचे पाट शेजारी-शेजारी. आमंत्रण देताना 'मुलगा आलाय, जेवायला या' असं म्हणू नका. 'मुलाचं केळवण आहे' म्हणा. पुढचा प्रश्न येईल, 'अगोबाई, मुलगी कुठली?' तेव्हा उत्तर द्या : 'मुलगा आहे, आयर्लंडचा. गणपतीत बघितलात ना, तोच.' हे वाक्य आरशासमोर दहा वेळा म्हणून पाहा, मी चेष्टा करत नाही. तोंडाला सवय झाली की आवाज कापत नाही, आणि ऐकणारी माणसं आपल्या शब्दांपेक्षा आपल्या आवाजावरून ठरवतात की ही आनंदाची बातमी आहे की दुःखाची.

कुणी येणार नाही, कुणी येऊन टोमणा मारेल. मारू द्या. मुलाला आधी सांगून ठेवा की असं होऊ शकतं. आणि यजमानांना म्हणावं, त्या दिवशी पाहुण्यांच्या स्वागताला दारात तुम्ही उभे राहा. बाप दारात उभा असला की निम्मी तोंडं आपोआप बंद होतात.

फोटो कुठं टाकायचे, कुठं नाहीत, हे दोघं मुलं ठरवतील. पुतणीच्या स्थळाची काळजी दिरांना खरोखरच खात असेल, तर जाहीर फोटो काही महिने थांबले तरी काही बिघडत नाही. थांबणं आणि खोटं सांगणं यात फरक आहे, आणि तेवढी तडजोड मुलगा समजून घेईल.

विधींबद्दल तुम्ही विचारलंय, की कन्यादान कुणी कुणाचं करायचं. कुणी कुणाचं करू नका. हल्ली मुलामुलींच्या लग्नातही कित्येक घरं तो विधी गाळतात. मुलांना हवं असेल तर अंतरपाट धरा, मंगलाष्टकं म्हणा, सात पावलं दोघं बरोबरीनं चालतील. त्यात अडतं कुठं? आणि हाक मारायचा प्रश्न तर तुम्ही पत्रातच सोडवलाय, तुम्हाला कळलंही नाही. पहिल्या पानावर तो 'मुलाचा मित्र' आहे, चौथ्या पानावर तुम्ही त्याला नुसतं नावानं लिहिलंय, आणि 'तो बारीक झालाय' अशी काळजीही केलीय.

प्रवासाची तयारी आतापासून करा. युरोपातल्या ज्या देशांत एकाच व्हिसावर फिरता येतं, त्या शेंगेन देशांत आयर्लंड नाही, त्याचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, हे गृहीत धरून वेळ ठेवा. त्या अर्जात येण्याचं कारण विचारतील तिथं खरं कारण लिहा : मुलाचं लग्न. 'वास्तुशांती' तिथंही लिहू नका, कागदपत्रं जुळायला हवीत. कदाचित त्या रकान्यात तुम्ही ते पहिल्यांदाच लिहाल. मुलांना तिथल्या निबंधकाकडे लग्नाच्या किमान तीन महिने आधी नोटीस द्यावी लागते, पण ती ते बघतील. एक मात्र मुलाला विचारा. तिथं लग्नाला दोन सज्ञान साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्यातली एक सही तुमची असू शकेल का? नवऱ्या मुलाच्या आईनं खुर्चीत बसून नुसतं बघण्यापेक्षा, त्या कागदावर तिचं नाव असलं तर किती बरं.

इथल्या कायद्याची उणीव भरून काढायला काही गोष्टी शांतपणे करून टाका. घर आणि बागायत मुलाच्या नावे करायची असेल तर मृत्युपत्र लिहा, दोन साक्षीदार घ्या, नोंदणी केलीत तर उत्तम. मुलानंही स्वतःचं मृत्युपत्र करावं, कारण त्याच्या माघारी त्याचा नवरा आपल्या वारसा कायद्यात वारस म्हणून बसत नाही. भारतातल्या त्याच्या बँक खात्यात जोडीदाराला नॉमिनी करता येतं, समलिंगी जोडप्यांना संयुक्त खातं उघडायला किंवा एकमेकांना नॉमिनी करायला मज्जाव नाही, असं केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. पण जोडीदार परदेशी नागरिक आहे आणि नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, तेव्हा मृत्युपत्र आणि जमिनीची बाब एकदा वकिलाला दाखवाच.

आणि एकट्या राहू नका. मुंबईत 'स्वीकार' नावाचा पालकांचा गट आहे, समलिंगी आणि ट्रान्स मुलांच्या आई-वडिलांचा. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात समलिंगी विवाहाचा खटला सुरू असताना त्यातल्या चारशेहून जास्त पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं, की आमच्या हयातीत आमच्या मुलांची लग्नं कायद्यानं झालेली आम्हाला बघायची आहेत. त्या पालकांना जे अजून मिळालेलं नाही, ते तुम्हाला मे महिन्यात मिळणार आहे. तुम्ही तिथं त्यांच्याही वाटणीचं बघून या, आणि आल्यावर त्यांना सांगा.

आजी काय म्हणाल्या ते मला कळवा. चांगलं म्हणाल्या नाहीत तरी कळवा.

आणि ताई, आपल्याकडे मुंडावळ्या नवरा आणि नवरी दोघंही बांधतात, तेव्हा त्याबाबतीत काही प्रश्नच नाही. मोत्यांच्या घ्या, फुलांच्या एवढ्या प्रवासात टिकायच्या नाहीत. दोन जोड घ्या, आणि हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका.